जानेवारीत अंटार्क्टिकाला जातोय, नागपुरात बसून तयारी कशी करू?

खामल्याचा प्रवासी

नमस्कार मंडळी. माझं वय ६१, बायको ५८ ची. गेल्या वर्षी निवृत्त झालो आणि मनात फार वर्षांपासून असलेली एक गोष्ट करायचं ठरवलं. ९ जानेवारी १९८२ ला डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली आपली पहिली तुकडी अंटार्क्टिकावर उतरली, तेव्हा मी कॉलेजात होतो. रेडिओवर बातमी ऐकली आणि वडिलांच्या जुन्या नकाशाच्या पुस्तकात तो पांढरा खंड शोधत बसलो होतो. आता येत्या जानेवारीचं बुकिंग झालंय. अर्जेंटिनातल्या उशुआयाहून निघायचं, दहा रात्री, अंटार्क्टिक द्वीपकल्पाची एक्सपेडिशन क्रूझ. जहाज लहान आहे, साधारण पावणेदोनशे प्रवासी.

बर्फ पाहिलाय तो फक्त रोहतांगला, तोही तासभर. समुद्रप्रवास म्हणाल तर मांडवा ते गेटवे. मला बीपीची आणि प्रोस्टेटची गोळी सुरू आहे, बायकोचा उजवा गुडघा कुरकुरतो. दोघंही शाकाहारी.

विचारायचं असं:
कपडे नागपुरात मिळतील का, की बाहेरून मागवू?
वाटेतल्या ड्रेक पॅसेजच्या खवळलेल्या समुद्रात बोट लागू नये म्हणून काय करावं?
गुडघ्यासाठी आतापासून काय करता येईल?
भारताचं मैत्री संशोधन केंद्र बघायला मिळतं का?
आणि मला सुचलं नसेल असं काही असेल तर तेही सांगा. वेळ सात महिने आहे, त्यामुळे शिकायची तयारी आहे.


वर्धा रोडवाला

काका, मस्त! मी कंपनीच्या कामाने दोन वर्षं ब्युनोस आयर्सला होतो, त्यामुळे रस्त्याचं सांगतो. जहाजावर मी गेलेलो नाही.

पहिली गोष्ट, पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. अर्जेंटिना आपल्या सरकारच्या पीतज्वर असलेल्या देशांच्या यादीत आहे. तिकडे जाताना कोणी अडवत नाही, पण परत येताना भारतातल्या विमानतळावर लस घेतल्याचं पिवळं कार्ड मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते कार्ड लागू होतं आणि एकदा घेतली की जन्मभर चालतं. मान्यता असलेल्या केंद्रातच घ्यावी लागते, म्हणून शेवटच्या महिन्यावर ढकलू नका.

दुसरं, ब्युनोस आयर्सला दोन विमानतळ आहेत. बाहेरदेशची विमानं बहुतेक एसेइसाला उतरतात, आणि उशुआयाची बरीच विमानं शहरातल्या दुसऱ्या विमानतळावरून, आएरोपार्केवरून सुटतात. मधे अख्खं शहर पार करावं लागतं. माझ्याकडे येणारे दोन पाहुणे हे न बघता तीन तासांच्या अंतराची तिकिटं काढून आले आणि पुढचं विमान चुकलं. तुम्ही मधे एक रात्र ठेवाच. आणि उशुआयाला जहाजाच्या निदान दोन दिवस आधी पोचा. बॅग मागे राहिली तर ती यायला वेळ मिळतो. जहाज काही बॅगेसाठी थांबत नाही. देशांतर्गत विमानात सामानाचं वजन आपल्या आंतरराष्ट्रीय तिकिटापेक्षा कमी चालतं, तेही बघून घ्या.

घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहे. दोन रात्री झोपेचं खोबरं होतं, मग जमतं. व्हिसा अर्जेंटिनाचा लागतो, अंटार्क्टिकाचा असा वेगळा नसतो. व्हिसाचे नियम मधूनमधून बदलतात, वकिलातीच्या साइटवरच बघा, एजंटच्या तोंडच्या शब्दावर राहू नका.


धंतोलीतला डॉक्टर

वरच्या लसीच्या मुद्द्याला जोड. साठीनंतर पीतज्वराची लस आयुष्यात पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. घेऊच नये असं नाही, पण केंद्रावरच्या डॉक्टरांना वय, चालू औषधं, अंड्याची ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं हे सगळं सांगून मगच ठरवा. तुमचा आणि वहिनींचा निर्णय वेगळा येऊ शकतो.

बोट लागण्याबद्दल. घाट लागला की आपण एसटीत जी ॲव्होमिन घेतो ती इथेही चालते, पण तुमच्या बाबतीत मी थांबवीन. प्रोस्टेट वाढलेलं असताना या जातीच्या गोळ्यांनी लघवी अडू शकते. परदेशात कानामागे लावायची पट्टी मिळते, तिचाही तोच धोका, शिवाय वयस्कर माणसाला त्याने गोंधळल्यासारखं होतं. काचबिंदू असेल तरी जपून. तेव्हा दुसऱ्याच्या अनुभवावरून गोळी घेऊ नका, तुमच्या डॉक्टरांना प्रोस्टेटचं सांगून ठरवा, आणि जी ठरेल ती एकदा घरी घेऊन बघा. किती झोप येते ते इथेच कळू द्या. कोणतीही गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर पोटात काही ठरत नाही.

रोजची औषधं प्रवासाच्या दिवसांच्या दुप्पट घ्या, सगळी हातातल्या बॅगेत, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहिलेलं. निघायच्या दोन महिने आधी दात तपासा. जहाजावर डॉक्टर असतो, दंतवैद्य नसतो. विम्यात आजारी माणसाला तिथून बाहेर काढण्याचा खर्च धरलेला हवा आणि बीपी, प्रोस्टेट दोन्ही लिहून दिलेलं हवं. तिथून माणूस हलवायचा म्हणजे बहुधा जहाजाने किंग जॉर्ज बेटापर्यंत आणि तिथून विमानाने चिलीतल्या पुंता अरेनासला. हवा बिघडली की विमान उडत नाही, दिवस जातात. हे भीती घालायला लिहीत नाही, पण हा एक कागद अर्धवट ठेवू नका.


सेमिनरी हिल्सवाली

नमस्कार भाऊ. आम्ही दोघं दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत जाऊन आलो. माझी ३१ वर्षं बीज परीक्षणात गेली. पोत्यातून नमुना काढायचा, भिंगाखाली दाणे पसरायचे, त्यात तणाचं बी किती ते वेचून मोजायचं. त्यामुळे माझं उत्तर त्या अंगाने जाईल. कपड्यांचं सांगतेच, पण तुमच्या यादीत नसलेली गोष्ट आधी.

ड्रेकमधला दुसरा दिवस. जहाजाच्या मोठ्या खोलीत व्हॅक्यूम क्लीनर मांडले होते. जमिनीवर उतरताना जे जे अंगावर असणार ते घेऊन मजल्यामजल्याने सगळ्यांना बोलावलं: जाकीट, पँट, टोपी, हातमोजे, पाठीवरची पिशवी, कॅमेऱ्याची पिशवी, काठी. एक मुलगी टॉर्च घेऊन प्रत्येक वेल्क्रो उघडून बघत होती. मी घरून सगळं धुऊन, झटकून नेलं होतं, मनात खात्री होती. तिने माझ्या चालायच्या बुटाची जीभ उलटी केली आणि चिमट्याने एक कुसळ बाहेर काढलं. आपल्या टेकडीवरचं कुसळ. दिवाळीनंतर पायवाटेला दोन्ही बाजूंनी जे पिवळं पडून उभं असतं, तेच. मला फार लागलं ते. ज्या कामात आयुष्य गेलं, तेच नजरेतून सुटलं होतं.

मी तिच्याकडून ते मागून घेतलं आणि टेबलावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडला. ती लांब शेपटी पीळ सुटल्यासारखी हळूहळू फिरायला लागली. आजूबाजूचे पाच-सहा जण वाकून बघत होते. ओल आली की शेपटी फिरते, वाळली की पुन्हा पीळ घेते, आणि असं करत करत टोकदार बी मातीत भोक पाडून आत जातं. मग त्या मुलीने सगळ्यांसमोर ते बंद डबीत टाकलं आणि माझी सही घेतली, की माझं सामान तपासलं आहे.

आता खरं सांगायचं तर नागपूरचं कुसळ तिथे उगवणार नाही. त्याला उष्ण हवा लागते. मग एवढं कशासाठी? कारण तिथे फुलणाऱ्या देशी वनस्पती फक्त दोन आहेत, एक गवत आणि एक उशीसारखं वाढणारं बारीक झाड, आणि बाहेरून आलेल्या एका गवताने पाय रोवलेलाच आहे. किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या आर्क्टोव्स्की केंद्राजवळ १९८५-८६ च्या हंगामात ते सापडलं. पोआ ॲनुआ, थंड देशांत हिरवळीत, रस्त्याकडेला कुठेही दिसणारं साधं गवत. बुटांना, सामानाला चिकटून आलेलं. ते उपटून काढायला शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं खपावं लागलं. आपल्याकडे गाजरगवताचं काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली, आणि आज विदर्भात एक पडीक जागा दाखवा जिथे ते नाही. मी नमुन्यांतून ते काळं, तिळाहून बारीक बी हजार वेळा वेचलंय. पहिलं बी वेचायला कोणी नव्हतं म्हणून पुढची पन्नास वर्षं आपण वेचतोय.

२००७-०८ मध्ये अंटार्क्टिकाला जाणाऱ्या लोकांच्या कपड्यांतलं बी शास्त्रज्ञांनी खरोखर गोळा करून मोजलं होतं. ज्यांच्याकडे बी निघालं त्यांच्याकडे माणशी सरासरी साडेनऊ. त्यात संशोधकही होते, नुसते हौशी प्रवासी नव्हते.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, आणि तो कुठल्याही माहितीपत्रकात मला दिसला नव्हता: उशुआयात फिरायचे बूट वेगळे ठेवा. वरच्या भावाने सांगितलंय तसे तुम्ही दोन दिवस आधी पोचाल. त्या दोन दिवसांत सगळे जण तिएरा देल फुएगोच्या राष्ट्रीय उद्यानात गवतातून हिंडतात. तिथलं गवत थंडीत वाढणारं. त्याचं बी ड्रेक ओलांडून दोन दिवसांत पलीकडे पोचलं तर ते जगू शकतं. आपल्या नागपुरी कुसळापेक्षा ते शंभर पटीने धोक्याचं. त्या उद्यानात घातलेले बूट, मोजे, पँट जहाजावर चढल्यावर पिशवीत बांधून कपाटात टाका.

घरी साफ करायचं ते असं. धुणं पुरत नाही, मशीनमधून कुसळ जसंच्या तसं बाहेर येतं. वेल्क्रो उघडून टाचणीने एकेक दाणा काढा. बुटाच्या तळव्याच्या खाचा जुन्या टूथब्रशने. खिसे पूर्ण उलटे करून शिवणीतून नख फिरवा. आपल्या जाकिटांच्या खिशात बडीशेप, ओवा असतोच, हॉटेलातून निघताना मूठभर टाकलेली असते. ह्यांच्या खिशातून धणाडाळ निघाली होती. काठीचं टोक, कॅमेऱ्याच्या तिपाईचे पाय विसरू नका. नवीन कपडे घेतले तर ते घालून टेकडीवर फिरायला जाऊ नका, सराव जुन्या कपड्यांत करा.

आता कपडे. नागपुरात सगळं मिळतं, बाहेरून काही मागवू नका. सुती काही अंगाला लागू देऊ नका, बनियानसुद्धा नाही. घामाने भिजलं की वाळत नाही आणि थंडी तिथूनच शिरते. अंगालगत लोकरीची किंवा पॉलिस्टरची थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जाकीट. पार्का म्हणजे टोपी असलेलं जाड जाकीट आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट बहुतेक जहाजं देतात, पण आधी विचारून घ्या आणि माप जाड मोजे घालून द्या. पैसे खर्च करायचे ते पाणी न शिरणाऱ्या पँटवर. आमच्यासोबतच्या एकाने नुसती जाड पँट आणली होती, होडीत पहिल्याच लाटेला मांडीपासून भिजला आणि अर्ध्या तासात त्याला परत आणावं लागलं. हातमोज्यांच्या दोन जोड्या, आत पातळ, वर जाड. थंडीला तुम्ही समजता तेवढं घाबरू नका. जानेवारीत द्वीपकल्पावर पारा शून्याच्या आसपास असतो. वारा सुटला की मात्र गाल सोलून निघतो. आणि गॉगल. बर्फावरून उलटून येणाऱ्या उन्हाने मला पहिल्या दिवशी डोळे उघडवेनात, आणि आपण ४५ अंशांत राहणारी माणसं.

वहिनींच्या गुडघ्याला चालणं पुरणार नाही, पायऱ्या लागतील. जहाजाच्या कडेला उतरता जिना असतो, खाली झोडियाक म्हणजे रबराची फुगवलेली होडी हलत असते. होडी वर आली की पाय टाकायचा. खलाशी हात देतो तेव्हा त्याचा पंजा धरायचा नाही, मनगटाच्या वर धरायचं आणि त्यानेही आपलं तसंच धरायचं. ही पकड घरी दोघं एकमेकांवर करून बघा, पन्नास वेळा. मग होडीच्या कडेवर बसायचं आणि बसल्या बसल्या सरकायचं. आम्ही दिवाणावर बसून तसं सरकायचा सराव केला. रोज दात घासताना एका पायावर उभं राहायचं, आधी डावा, मग उजवा. आठवड्यातून दोनदा रामटेकच्या गडाच्या पायऱ्या, चढताना सावकाश, उतरताना त्याहून सावकाश, कारण गुडघा उतरताना बोलतो. सहा महिन्यांत मला फरक पडला. आणि कुठल्या उतरणीला मन धजावलं नाही तर वहिनींनी होडीतच बसावं. होडीतून बघितलेले हिमनग काही कमी नसतात.

ड्रेक: केप हॉर्न आणि साउथ शेटलंड बेटं यांच्यामधलं सुमारे ८०० किलोमीटर पाणी. त्या अक्षांशावर पृथ्वीभर कुठे जमीन आडवी येत नाही, म्हणून वारा आणि प्रवाह मोकळे फिरत राहतात. केबिन खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्याजवळ असेल तर हेलकावा कमी. अजून बदलून मिळत असेल तर विचारा. आम्हाला जाताना तलावासारखं मिळालं, येताना दीड दिवस आडवे होतो. रिकाम्या पोटी राहू नका. मी आलेपाक आणि खारी बिस्किटं यांवर काढलं. चालताना एक हात कायम कठड्याला, आणि दाराच्या चौकटीत बोटं घालू नका, दार अचानक आपटतं.

जेवणाचं शाकाहारी म्हणून आधी लिहून कळवा, उत्तम मिळतं. मी जवसाची चटणी नेणार होते, ती बॅगेतून परत काढून ठेवली. जमिनीवर खाण्याचं काहीही नेता येत नाही, चॉकलेटसुद्धा नाही. दुसऱ्या देशात बियांचे पदार्थ नेण्याचे नियमही कडक असतात.

जमिनीवर एका वेळी शंभरच माणसं. तुमचं जहाज पावणेदोनशेचं, म्हणजे पाळीपाळीने सोडतील. पाचशेच्या वर प्रवासी असलेल्या जहाजातून कोणालाच उतरवत नाहीत, तेव्हा तुम्ही निवडलंत ते बरोबर निवडलंत. उतरताना आणि परत चढताना बूट जंतुनाशकात बुडवून ब्रशने घासायचे. बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, पिशवी खाली ठेवायची नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात बर्ड फ्लू साउथ जॉर्जिया बेटावर पोचला आणि पुढल्या फेब्रुवारीत मुख्य खंडावर, तेव्हापासून हे कडक झालंय. म्हणजे दीड-दोन तास उभं राहायची सवय हवी, हेही सरावात धरा.

पेंग्विनपासून पाच मीटर. पण तो तुमच्याकडे आला तर तुम्ही हलायचं नाही. कव्हरव्हिल बेटावर एक जेंटू जातीचा पेंग्विन आमच्या रांगेसमोर येऊन थबकला. त्याची समुद्राकडची वाट आम्ही अडवली होती. बर्फात त्यांच्या चालण्याने दाबून गुळगुळीत झालेली पन्हाळीसारखी वाट असते. आम्ही मागे सरकलो, त्याने मान तिरकी करून एकदा बघितलं आणि तुरुतुरु निघून गेला. गाइडने मग आम्हाला आमच्या बुटांनी पडलेले खड्डे बर्फाने भरायला लावले. गुडघाभर खोल खड्ड्यात पेंग्विन पडला तर त्याला वर येता येत नाही. मी वाकून हाताने बर्फ लोटत होते आणि हे मागून म्हणाले, "आपल्या शेतात गाईच्या खुरांचे खड्डे भरायचो तसं."

मैत्री बघायला मिळणार नाही, भाऊ. मैत्री आणि आपलं दुसरं केंद्र भारती, दोन्ही पूर्व अंटार्क्टिकात, तुमच्या जहाजाच्या वाटेपासून हजारो किलोमीटरवर.

कॅमेऱ्याची जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. काही राहिलं असेल तर विचारा.


खामल्याचा प्रवासी

ताई, तुमचं उत्तर आम्ही दोघांनी मोठ्याने वाचलं. डॉक्टरसाहेब, उद्याच माझ्या डॉक्टरांकडे जातोय. वर्धा रोडवाले, ब्युनोस आयर्सला रात्र वाढवली.

संध्याकाळी बायकोने माझं थंडीचं जाकीट पलंगावर पसरून खिसे उलटे केले. उजव्या खिशातून ओव्याचे सहा दाणे, डाव्यातून आघाड्याच्या बियांचा एक झुपका. मागच्या हिवाळ्यात गोरेवाड्याला गेलो होतो, तेव्हाचा. आता ते बशीत ठेवलंय. ताई, जाकीट लोकरी अस्तराचं आहे, आतून कसं काढू?


सेमिनरी हिल्सवाली

लोकरी अस्तरातून आघाडा पूर्ण निघत नाही. त्याची अणकुचीदार टोकं धाग्यात अडकून तुटतात आणि तुकडा आत राहतो. ते जाकीट उशुआयापर्यंत घाला, जमिनीवर उतरताना जहाजाची पार्का घाला, आणि आत घालायला साधी नवीन फ्लीस घ्या. बशीतलं फेकू नका. वहिनींना भिंगाखाली बघायला द्या, म्हणजे बाकीच्या खिशांत काय शोधायचं ते त्यांना कळेल.